परदेशातले बिऱ्हाड आणि परतीची वाट

मांडवी नदीच्या उत्तर तीरावर, डिचोली तालुक्यात, आमोणे नावाचा गाव आहे. या गावाची जुनी ओळख म्हणजे तेथील बेताळाचे देवस्थान. नवी ओळख म्हणजे कच्चे लोखंड तयार करणारा नदीकाठचा कारखाना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोलीच्या खाणींतील खनिज बार्जींत भरून याच मांडवीतून मुरगांव बंदराकडे आणि तेथून प्रामुख्याने जपानला जात असे. माती परदेशी गेली. तिचे पैसे आले, माती काही परत आली नाही.

गोव्यातून परदेशी गेलेली आणखी एक संपत्ती आहे आणि ती म्हणजे गोव्याचे चित्रकार. या संपत्तीचा हिशेब मात्र खनिजाइतका सरळ नाही. काही चित्रकार गेले आणि तिकडचेच झाले. काही दहा-दहा वर्षे राहून परत आले आणि पुढच्या पिढीचे गुरू बनले. एक असाही, की जो परतला तेव्हा त्याच्या अर्ध्या आयुष्याची चित्रे प्रवासातच हरवली होती. परदेशातील वास्तव्य कलावंताला काय देते आणि त्याबदली काय मागते, या प्रश्नाचे उत्तर या मंडळींच्या चरित्रांतून जितके स्पष्ट मिळते, तितके ते क्वचितच इतरत्र मिळेल.

चित्रकाराने किंवा शिल्पकाराने आपले घर सोडून काही महिने वा वर्षे दुसऱ्या ठिकाणी राहावे, त्याच्या राहण्याची, जेवणाची नि कामाच्या जागेची सोय कोणीतरी करावी आणि त्याने तेथे आपले काम करावे, या व्यवस्थेला आज ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळी, १६६६ साली, रोम शहरात फ्रेंच अकादमीची स्थापना झाली. पॅरिसमधील स्पर्धेत यशस्वी ठरलेल्या तरुण चित्रकारांना तेथे पाठवीत आणि त्यांनी प्राचीन शिल्पांच्या नि थोर चित्रकारांच्या प्रतिकृती करून हात तयार करावा, अशी अपेक्षा असे. १८०३ पासून ही अकादमी रोममधील मेदिची प्रासादात आहे. या पद्धतीत कलावंत शिकण्यासाठी जाई आणि काय शिकायचे हे राजा ठरवी. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी एक वेगळी पद्धत निघाली. न्यू हॅम्पशायर राज्यात १९०७ मध्ये मॅक्डॉवेल वसाहत सुरू झाली आणि न्यूयॉर्क राज्यातील याडो येथे १९२६ पासून लेखक-कलावंत येऊन राहू लागले. येथे शिक्षक नव्हते, परीक्षा नव्हती. एक खोली, दोन वेळचे अन्न आणि कोणी दार ठोठावणार नाही याची हमी, एवढेच देणे होते. कलावंत तेथे शिकायला जात नसे, काम करायला जाई. या दोन पद्धतींमधला भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील इतिहास समजणे सोपे जाते.

आपल्याकडे अशी काही सोय नव्हती असे मात्र नाही. डिचोली आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीच्या भोसल्यांच्या अंमलाखाली होते. १७८१ ते १७८८ या काळात ते पोर्तुगिजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. जुन्या काबिजादींतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. तिकडील कित्येक दैवते खाड्या ओलांडून या बाजूला आली. डिचोली महालातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. पोर्तुगिजांच्या हाती हा मुलुख जाईपर्यंत त्यांचा धार्मिक जोर ओसरला होता, म्हणून येथील देवस्थाने, त्यांच्या जमिनी नि त्यांचे सेवेकरी टिकून राहिले. वाजंत्री, कलावंत, सुतार, मूर्तिकार यांचा योगक्षेम देवळाच्या आधाराने चाले. डिचोलीच्या पितळी समया आणि मातीची भांडी, पेडण्याचा दशावतार, ही सर्व त्या आधाराची फळे होत.

या व्यवस्थेत कारागीराला परगावी जाण्याची गरज पडली नाही, कारण त्याने काय घडवायचे हे त्याला जन्मापासून ठाऊक होते. बेताळाची मूर्ती कशी असावी, समईला किती वाती असाव्यात, हे प्रश्न त्याला पडत नसत. आधुनिक चित्रकाराची अडचण नेमकी येथेच आहे. त्याच्यासमोर कोरा कॅनव्हास असतो आणि त्यावर काय उमटावे हे सांगणारा महाजन कोणी नसतो. जे देऊळ कारागीराला अन्न देई, तेच त्याला विषयही देई. आधुनिक चित्रकाराला अन्न देणारा सापडला तरी विषय त्याला स्वतःलाच शोधावा लागतो, आणि तो शोध घेण्यास अवकाश लागतो. हा अवकाश घरी मिळत नाही म्हणून तो बाहेर पडतो.

गोव्याच्या चित्रकारासाठी पहिला परदेश म्हणजे मुंबई. हे अलंकारिक बोलणे नव्हे. १९४७ पर्यंत मुंबई ब्रिटिशांची आणि गोवा पोर्तुगिजांचा होता, आणि त्यानंतरही १९६१ पर्यंत गोव्याचा माणूस मुंबईला येताना आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडीत असे. गोव्यात कलाशिक्षणाची संस्था नव्हती. पणजीतील कला महाविद्यालय १९७२ मध्ये निघाले. त्यापूर्वी ज्याला चित्रकार व्हायचे असे त्याने १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरायची. सांग्याचे आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) याच वाटेने गेले, तेथेच शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि व्यक्तिचित्रणात नाव मिळवून मुंबईतच राहिले. मराठी मुलखातून थेट विलायतेला जाणारेही निघत होते. अलिबागजवळच्या सासवन्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १९२० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत शिकण्यास गेले. परतल्यावर त्यांनी घडविलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिला. लंडनने त्यांना मानवी देहाची नि धातूची विद्या दिली. विषय मात्र त्यांच्याजवळ घरचाच होता.

आमोण्याहून मांडवी ओलांडली की खांडोळे लागते आणि त्यापुढे, नदीच्या फाट्यांनी वेढलेले, सांत इस्तेव्हचे बेट. याच बेटावर १९०२ मध्ये आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. ते मुंबईस वैद्यकीच्या अभ्यासासाठी गेले, तो सोडून चित्रकलेकडे वळले, आणि नंतर शांतिनिकेतनची वाट धरून अवनींद्रनाथ ठाकूर नि नंदलाल बोस यांच्या परंपरेत शिकले. युरोपीय वास्तवदर्शी पद्धत बाजूला सारून भारतीय रेषा नि जलरंग यांतून ख्रिस्ती विषय रंगवायचे, असे त्यांनी ठरविले. त्यांच्या चित्रांतील मेरी साडी नेसते, तिचा चेहरा या मातीतल्या बाईचा असतो. गोव्यात परत येऊन त्यांनी ही चित्रे दाखविली तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. साडी नेसलेली मेरी तेव्हाच्या गोमंतकीय ख्रिस्ती समाजाला मानवली नाही.

अशा वेळी त्यांना आसरा मिळाला तो पुण्यात. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांनी बिऱ्हाड थाटले आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत पुणे हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. आश्रमात राहायला जागा होती, भोवती त्यांच्या कामाचा अर्थ जाणणारी माणसे होती आणि विषय कोणता असावा, साडी असावी की झगा, याचा हुकूम सोडणारा कोणी नव्हता. ‘रेसिडेन्सी’ या शब्दाने आज जे अभिप्रेत आहे, ते सर्व या आश्रमात होते. फक्त तिची मुदत तीन महिन्यांची नसून जन्माची होती. त्यांच्या पत्नीने पुढे त्यांची चित्रे गोव्यातील पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिली. ज्या चित्रांना गोव्याने दार लावले होते, ती अशा रीतीने चित्रकाराच्या मृत्यूनंतर गोव्यात परत आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाऱ्याची दिशा बदलली. बार्देशातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा यांना १९४५ मध्ये जे. जे. स्कूलमधून काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला आणि १९४९ मध्ये ते लंडनला गेले. त्यांच्यापाशी शिष्यवृत्ती नव्हती, राहण्याची सोय नव्हती. पहिली काही वर्षे हलाखीत गेल्यावर १९५५ मधील गॅलरी वन येथील प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. इटालियन सरकारची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली ती १९६० मध्ये, म्हणजे नाव झाल्यानंतर. त्यांचे सहकारी सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, रझा मात्र फ्रान्समध्ये साठ वर्षे राहिले नि २०१० मध्ये कायमचे भारतात परतले. एका चित्रकाराजवळ शिष्यवृत्ती होती नि दुसऱ्याजवळ नव्हती. दोघेही मोठे झाले. यावरून शिष्यवृत्ती व्यर्थ असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सोझांनी लंडनमध्ये सोसलेल्या उपासमारीत किती चित्रकार बुडाले, त्यांची नावे इतिहासात लिहिलेली नाहीत, एवढेच त्यातून निघते.

मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१) यांची गोष्ट याहून निराळी आहे. गोवामुक्तीच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला होता. जे. जे. स्कूलमध्ये शिकून, तेथेच काही काळ शिकवून, १९५१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. भित्तिचित्र नि कोरीव मुद्राचित्र यांचे तंत्र त्यांनी तेथे अभ्यासिले. पॅरिस म्हणजे त्या काळी नव्या चित्रकलेची पंढरी; तेथे दहा वर्षे काढलेला माणूस फ्रेंच होऊन परतेल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले उलटेच. पै यांनी पॅरिसमध्ये गीतगोविंदावर चित्रमालिका केली, रामायणावर केली, बुद्धचरित्रावर केली. भारतीय लघुचित्रांची सपाट रंगभूमी आणि लयदार रेषा त्यांच्या कॅनव्हासवर उतरली ती सीन नदीच्या काठी. घरात असताना जे नित्याचे म्हणून दिसत नाही, ते दूर गेल्यावर स्पष्ट दिसू लागते; आणि पॅरिसच्या बाजारात सर्वांनी एकच शैली विकायला मांडलेली असताना आपल्याजवळ निराळे काय आहे, याचा विचार चित्रकाराला करावाच लागतो. परदेशवासाचा हा पहिला लाभ होय.

याच काळात मुंबईतही एक जागा अशी होती, की जिने परदेशी न जाता परदेशवासाचे काही गुण कलावंतांना दिले. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत चित्रकारांना नाममात्र भाड्याने खोल्या मिळत. तेथे हुसेन काम करीत, गायतोंडे काम करीत, रविशंकरांची संगीतशाळा भरे, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी होत. समुद्राचा वारा आणि शेजारच्या खोलीतील सतार ऐकत चित्र रंगविण्याची ही सोय पुढे बंद झाली; तशी जागा मुंबईला पुन्हा लाभली नाही, असे त्या पिढीतले अनेक जण सांगत. गोव्यात, फोंडे महालातील बांदोड्यास जन्मलेल्या प्रफुल्ला जोशी, पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर (१९३४–२०१४), याही तेथे काम करीत. १९५५ मध्ये जे. जे. स्कूलचे सुवर्णपदक मिळवून त्या पुढे फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेल्या. स्त्रीने एकटीने परदेशी राहून चित्रकलेचे काम करावे ही गोष्ट त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी घराला सहज पचणारी नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रवासाचे मोल कळते.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचा जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे. १९४८ मध्ये जे. जे. स्कूलची पदविका, १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक, आणि १९६४ मध्ये तिसऱ्या जॉन डी. रॉकफेलर यांच्या निधीची पाठ्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्क, असा त्यांचा मार्ग आहे. या निधीची स्थापना १९६३ मध्ये झाली होती आणि आशियातील कलावंतांना अमेरिकेत येऊन राहता यावे हा त्याचा एक हेतू होता. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकेला आशियाच्या बुद्धिवंतांचे मन जिंकायचे होते, हेही त्यामागे होतेच. तथापि या पैशाने चित्रकाराला अमुक रंगव, तमुक रंगवू नको, असे सांगितले नाही. न्यूयॉर्कमध्ये गायतोंडे संग्रहालये पाहत, चित्रपट पाहत आणि चित्रे काढीत. वर्गात बसावे लागत नव्हते, की काही सिद्ध करून दाखवावे लागत नव्हते.

गायतोंडे न्यूयॉर्कला जाऊन अमूर्त चित्रकार झाले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. न्यूयॉर्कला जाण्याआधीच, पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून, त्यांच्या कॅनव्हासवरून माणसे नि वस्तू नाहीशा होऊ लागल्या होत्या. पॉल क्ले या स्विस चित्रकाराचा अभ्यास त्यांनी मुंबईत बसूनच केला होता आणि झेन तत्त्वज्ञानाची ओढही त्यांना तेथेच लागली होती. न्यूयॉर्कने त्यांना दिशा दिली नाही. धरलेल्या दिशेने निर्धास्तपणे चालण्याचे बळ दिले. आपण मुंबईच्या एका खोलीत जे करतो आहोत, त्याच जातीचा शोध जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठमोठे चित्रकार घेत आहेत, हे पुस्तकातील ठशांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष कॅनव्हाससमोर उभे राहून पाहणे, याला फार महत्त्व आहे. मोठ्या अमूर्त चित्राचा आकार, त्यावरील थरांची जाडी, त्यातून येणारा प्रकाश ही छापील चित्रात उतरत नाहीत. परतल्यावर गायतोंडे रोलर नि सुरी यांनी रंग लावीत, काढीत, पुन्हा लावीत राहिले, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या निधनानंतर, २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे सिंहावलोकन भरविले. ज्या शहरात ते पाहुणे म्हणून राहिले, त्याच शहराने पन्नास वर्षांनी त्यांना यजमानाचा मान दिला.

परदेशवासाचा हा दुसरा लाभ झाला. परंतु सर्वच यजमान असे नसतात. बार्देशातील पोंबुर्फ्याचे वामन नावेलकर यांची कहाणी याच काळातली आहे. १९५४ मध्ये पोर्तुगीज सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते लिस्बनला गेले आणि तेथील ललितकला विद्यालयात शिकू लागले. गोव्याच्या एका हिंदू तरुणाला साम्राज्याच्या राजधानीत पाठविण्यात सरकारचा स्वार्थ होता, आणि तो १९६१ च्या डिसेंबरात उघडा पडला. भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला तेव्हा भारताच्या निषेधाच्या पत्रकावर सही करावी, असा आग्रह नावेलकरांना करण्यात आला. त्यांनी सही केली नाही. शिष्यवृत्ती गेली. ज्या देशाचे नागरिक म्हणून ते आले होते, त्या देशाच्या दृष्टीने ते संशयित झाले. आणि ज्या गावाहून ते आले होते, ते गाव आता दुसऱ्या देशात होते.

पुढे ते मोझांबिकमध्ये गेले आणि शाळेत गणित नि चित्रकला शिकवू लागले. आफ्रिकेच्या माणसांची, तेथील स्त्रियांची, रस्त्यांची शेकडो रेखाटने त्यांनी केली. आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ ते चित्रांवर ‘गणेश’ अशी सही करीत. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला. नव्या राजवटीत त्यांना कैदेत जावे लागले. सुटून १९७६ मध्ये लिस्बनला परतताना त्यांच्या चित्रांची पेटी प्रवासात हरवली. ती कधीच सापडली नाही. मोझांबिकमधील जवळजवळ सर्व काम त्या पेटीत होते. १९८२ मध्ये ते पोंबुर्फ्यास परत आले आणि आपल्या घरात, प्रसिद्धीपासून दूर, २०२१ मध्ये निधन होईपर्यंत चित्रे काढीत राहिले. तीन खंडांत राहिलेल्या या चित्रकाराची ओळख गोव्याला फार उशिरा पटली.

नावेलकरांच्या त्या एका सहीचा प्रश्न हा या सर्व इतिहासाचा गाभा आहे. कलावंताला निवारा देणारा हात कोणाचा आहे आणि त्या हाताची मूठ कधी आवळली जाईल, हे कलावंताला आधी ठाऊक नसते. रोमच्या अकादमीत राजाचा हात उघड दिसे. रॉकफेलर निधीचा हात होता, पण तो सैल होता. लिस्बनचा हात सात वर्षे सैल राहिला आणि एका महिन्यात आवळला गेला. आश्रयाच्या बदल्यात विषय मागितला तर चित्रकार हताश होतो; आश्रयाच्या बदल्यात सही मागितली तर त्याला आपला आश्रय आणि आपले मन यांतून एक निवडावे लागते. नावेलकरांनी मन निवडले आणि त्याची किंमत वीस वर्षांच्या वनवासाने फेडली. चित्रे हरवली, पण त्यांची रेषा कोणाच्या हुकमाखाली गेली नाही, एवढे तरी त्या वनवासाने राखले.

परदेशवासाचा तिसरा लाभ आहे, आणि तो स्वतः चित्रकाराला न मिळता त्याच्या मागच्या पिढीला मिळतो. मुंबईचे अकबर पदमसी हेही १९६५ मध्ये रॉकफेलर पाठ्यवृत्तीवर अमेरिकेत गेले आणि पुढे विस्कॉन्सिनमधील स्टाउट विद्यापीठात ‘निवासी कलावंत’ म्हणून राहिले. परतल्यावर, १९६९ मध्ये नेहरू पाठ्यवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा, त्यांनी ते स्वतःवर न खर्चता मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. मुद्रणयंत्र, कॅमेरा, अंधारखोली अशी साधने तेथे होती आणि चित्रकारांनी नि चित्रपटकारांनी एकत्र येऊन प्रयोग करावेत अशी मोकळीक होती. नलिनी मलानी यांच्यासारख्या तरुण चित्रकर्तीने तेथेच आपले पहिले चित्रपट-प्रयोग केले. लक्ष्मण पै १९७७ मध्ये गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले नि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. ज्या गोव्यात त्यांच्या तरुणपणी चित्रकला शिकायला जागा नव्हती, तेथे पॅरिसची दहा वर्षे त्यांनी वर्गात ओतली. डहाणूकरांनीही मुंबईच्या कलासंस्थांचे काम अंगावर घेऊन नव्या चित्रकारांच्या पाठीशी उभे राहण्यात पुढचे आयुष्य वेचले. पाहुणा म्हणून राहून आलेला माणूसच बहुधा चांगला यजमान होतो.

आता काळ असा फिरला आहे, की जगभरातील कलावंत राहण्यासाठी गोव्यात येतात. १९९७ मध्ये दिल्लीत ‘खोज’ ही कलावंतांनीच चालविलेली संस्था निघाली आणि तिने भारतात या पद्धतीचा पाया घातला. गोव्यात २०१४ मध्ये ‘एचएच आर्ट स्पेसेस’ ही संस्था सुरू झाली; देशोदेशींचे कलावंत तिच्या घरी राहून काम करतात. पणजीत फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज प्रतिष्ठानाची शाखा आहे आणि त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह तेथेच आहे. जुन्या घरांच्या ओसऱ्या, माडांची सावली आणि पाऊस यांचे परदेशी चित्रकाराला जे आकर्षण वाटते, ते गोव्याच्या चित्रकाराला पॅरिसबद्दल वाटलेल्या आकर्षणाहून भिन्न नाही.

या नव्या संपन्नतेत एक जुनी विषमता मात्र शिल्लक आहे. आज परदेशातील वास्तव्यासाठी अर्ज करायचा तर तो इंग्रजीत करावा लागतो. आपल्या कामाचे निवेदन लिहावे लागते, छायाचित्रांचा संच तयार करावा लागतो, प्रवासखर्च पुष्कळदा स्वतःच उभा करावा लागतो आणि व्हिसाच्या खिडकीसमोर बँकेतील शिल्लक दाखवावी लागते. पणजीच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेली, घरी मराठी नि कोंकणी बोलणारी, डिचोली किंवा पेडण्याच्या खेड्यातली मुलगी या अटींच्या दाराशीच अडते. तिची रेषा कमी नसते. तिला निवेदन लिहिण्याचा सराव नसतो. १९५० च्या सुमारास फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळविणे अवघडच होते, परंतु निवड करणारे चित्र पाहत. आज चित्राच्या आधी चित्राविषयीचा मजकूर वाचला जातो. गोव्याच्या कलासंस्थांनी आणि शासनाच्या सांस्कृतिक खात्याने या मुलांना अर्ज लिहिण्यास मदत केली, प्रवासाचे भाडे दिले आणि परतल्यावर काम करायला एक खोली दिली, तर तो खर्च एखाद्या महोत्सवाच्या मांडवापेक्षा जास्त होणार नाही.

परतल्यावरची खोली हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. फोन्सेकांना ती गोव्यात मिळाली नाही, पुण्यात मिळाली. नावेलकरांना ती वयाची पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या वडिलोपार्जित घरात मिळाली. पै यांना ती एका महाविद्यालयाच्या रूपाने मिळाली आणि त्यातून दहा वर्षांत शेकडो विद्यार्थी घडले. कलावंताला परदेशी पाठविणे हे अर्धे काम आहे; तो परतेल तेव्हा त्याला ठेवून घेणारे कोणी असणे हे उरलेले अर्धे. डिचोलीच्या खाणींतील माती गेली तेव्हा तिला परत आणण्याचा प्रश्नच नव्हता. चित्रकारांच्या बाबतीत तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पॅरिस किंवा न्यूयॉर्क देणार नाही. ते मांडवीच्या काठी, आमोण्यासारख्या गावांतूनच दिले गेले पाहिजे.